उच्चकार्यक्षम बहुवारिक तंतूंचे दाबबल

उच्चकार्यक्षम बहुवारिक तंतूंचे दाबबल म्हणजे केव्हलार, झायलॉन, डायनिमा यांसारख्या अतिशय बळकट कृत्रिम तंतूंची लांबीच्या दिशेने येणारा दाब सहन करण्याची क्षमता होय. वजनाच्या तुलनेत हे तंतू ताणाखाली पोलादापेक्षा कितीतरी अधिक बळकट असतात. मात्र दाबाखाली त्यांचे बळ ताणबलाच्या सातव्या हिश्शापासून ते पंधराव्या-विसाव्या हिश्शापर्यंत, काही वेळा त्याहूनही खाली घसरते. हा दोष निर्मितीतील उणिवेमुळे येत नाही. ज्या रेणवीय रचनेमुळे तंतूला प्रचंड ताणबल लाभते, त्याच रचनेतून दाबाखालील दुबळेपणाही निर्माण होतो.

या गुणधर्माला अभियांत्रिकीत मोठे महत्त्व आहे. विमानाचे भाग, नौकांचे सांगाडे, शिरस्त्राणे, समुद्रातील नांगरदोर व गोळीरोधक चिलखते यांच्या रचनेत केवळ ताणबलाचा आकडा पाहून तंतूची निवड केली, तर तयार वस्तू अपेक्षेपेक्षा फार कमी भाराखाली निकामी होऊ शकते.

## संज्ञा

पदार्थाच्या एकक क्षेत्रफळावर कार्य करणाऱ्या अंतर्गत प्रेरणेस प्रतिबल म्हणतात आणि त्यामुळे मूळ लांबीच्या प्रमाणात होणाऱ्या बदलास विकृती म्हणतात. पदार्थ तुटण्यापूर्वी जे कमाल ताण-प्रतिबल सहन करतो ते त्याचे ताणबल, आणि दाबाखाली निकामी होण्यापूर्वी जे कमाल प्रतिबल सहन करतो ते त्याचे दाबबल होय. दोन्ही राशी गिगापास्कल किंवा मेगापास्कल या एककांत मोजतात. एक गिगापास्कल म्हणजे एक चौरस मिलिमीटर क्षेत्रावर १,००० न्यूटन, म्हणजे साधारण १०० किलोग्रॅम वजनाइतका भार.

तंतूच्या बाबतीत ‘दाबाखाली निकामी होणे’ या शब्दप्रयोगाचे दोन अर्थ संभवतात. लांब, बारीक धागा दोन्ही टोकांनी दाबला की तो सरळ बाजूला वाकतो. हे वाकणे धाग्याच्या भूमितीवर अवलंबून असते आणि द्रव्याच्या बळाशी त्याचा थेट संबंध नसतो. तंतू वाकू नये अशी व्यवस्था केल्यावर (उदाहरणार्थ, त्याभोवती घट्ट राळ असताना) त्याचे द्रव्य ज्या प्रतिबलाला ढासळते, ते खरे दाबबल होय. या लेखात हाच दुसरा अर्थ अभिप्रेत आहे.

## परिचित पदार्थांशी तुलना

ताण आणि दाब यांना पदार्थ सारखाच प्रतिसाद देतो असे नाही, याची दोन परस्परविरुद्ध उदाहरणे ठाणे जिल्ह्यातील तानसा परिसरात पाहावयास मिळतात.

पहिले उदाहरण तानसा धरणाचे. शहापूर तालुक्यात तानसा नदीवर १८९२ साली पूर्ण झालेले, सुमारे २.८ किलोमीटर लांबीचे हे दगडी धरण मुंबईला पाणीपुरवठा करते. दगडी बांधकाम दाब उत्तम सहन करते, परंतु ताणाखाली त्याचे सांधे सहज उघडतात. म्हणून अशा भारस्थायी धरणाच्या रचनेत बांधकामाचे वजन आणि पाण्याचा रेटा यांची परिणामी प्रेरणा तळाच्या मधल्या एक-तृतीयांश भागातून जावी, असा नियम पाळला जातो. तसे झाल्यास बांधकामात कोठेही ताण निर्माण होत नाही. दगडाचा दुबळेपणा येथे रचनेच्या भूमितीने झाकला जातो.

दुसरे उदाहरण याच परिसरातील जंगलांत वाढणाऱ्या आणि शहापूर-मुरबाड भागातील घरांना, कुंपणांना व टोपल्यांना लागणाऱ्या बांबूचे आहे. बांबू हे निसर्गाने घडविलेले तंतुमय संमिश्र आहे. त्यातील सेल्युलोजचे बारीक तंतू लांबीच्या दिशेने एकाच अंगाला रचलेले असतात आणि लिग्निन हा घट्ट पदार्थ त्यांना बाजूने जखडून ठेवतो. तंतूंच्या दिशेने बांबूचे ताणबल साधारणतः १०० ते २५० मेगापास्कल, तर दाबबल ४० ते ८० मेगापास्कल असते. म्हणजे दाबाखाली बांबू ताणाच्या सुमारे एक-तृतीयांश बळ दाखवतो. सागासारख्या लाकडातही तंतूंच्या दिशेचे दाबबल ताणबलापेक्षा बरेच कमी असते. दाबलेल्या लाकडाच्या पृष्ठभागावर तिरक्या बारीक रेषा उमटतात. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास त्या ठिकाणी पेशीभित्तींतील तंतू मुरडलेले दिसतात.

उच्चकार्यक्षम बहुवारिक तंतू बांबूच्याच बाजूला मोडतात, पण त्यांच्यातील ताण-दाबाचे अंतर कितीतरी अधिक आहे. बांबूमध्ये लिग्निन करीत असलेले काम, म्हणजे लांब साखळ्यांना बाजूने धरून ठेवणे, या तंतूंत अत्यंत दुर्बळ बंधांवर सोपविलेले असते.

## रेणवीय रचना

नायलॉन किंवा पॉलिएस्टरच्या नेहमीच्या धाग्यांत बहुवारिकाच्या साखळ्या काही अंशी गुंतलेल्या व दुमडलेल्या असतात. उच्चकार्यक्षम तंतूंत मात्र त्या जवळजवळ पूर्णपणे उलगडून तंतूच्या अक्षाला समांतर केलेल्या असतात. ही स्थिती दोन मार्गांनी साधली जाते.

पहिला मार्ग ताठ रेणूंचा आहे. अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञ स्टेफनी क्वोलेक यांना १९६५ मध्ये असे आढळले, की काही सुगंधी पॉलिअमाइडे विद्रावात द्रव-स्फटिक अवस्था धारण करतात. या अवस्थेत ताठ साखळ्या आपोआप एका दिशेने रांगेत लागतात. अशा विद्रावातून ओढलेल्या धाग्यातून पुढे केव्हलार हा तंतू विकसित झाला. याच गटातील पॉलिबेन्झोक्साझोल, म्हणजेच पीबीओ, हा तंतू जपानच्या तोयोबो कंपनीने १९९८ पासून झायलॉन या नावाने बाजारात आणला.

दुसरा मार्ग लवचीक रेणूंचा आहे. अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलीनचा पातळ विद्राव गोठवून जेल तयार करतात व त्याचा धागा अनेक पट ताणतात. त्यामुळे मूळच्या लवचीक साखळ्याही सरळ होतात. नेदरलँड्समधील डीएसएम कंपनीत १९७० च्या दशकाच्या अखेरीस पॉल स्मिथ व पीट लेमस्ट्रा यांनी विकसित केलेली ही पद्धत डायनिमा तंतूचा पाया ठरली.

दोन्ही प्रकारांत तंतूच्या दिशेचा ताण कार्बनच्या साखळीतील बळकट सहसंयुजी बंध झेलतात. साखळ्यांना एकमेकींशी जोडणारे बंध मात्र यापेक्षा फार कमकुवत असतात आणि त्यांचे स्वरूप तंतूनुसार बदलते :

* पॉलिएथिलीनमध्ये साखळ्यांदरम्यान केवळ व्हान डर वाल्स आकर्षण असते.
* पीबीओमध्येही शेजारच्या साखळ्यांत हायड्रोजन बंध नसतात.
* केव्हलारमध्ये अमाइड गटांमुळे हायड्रोजन बंध निर्माण होतात, परंतु ते एकाच प्रतलात असतात. त्यामुळे साखळ्यांचे थर तयार होतात आणि थर-थरांमधील जोड दुर्बळ राहतो.
* एम-५ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पीआयपीडी तंतूत हायड्रोजन बंधांचे जाळे दोन दिशांना पसरलेले असते.

या तंतूंचे दाबबल सर्वसाधारणपणे याच क्रमाने वाढत जाते. ताणबलाचा क्रम मात्र याहून वेगळा आहे. पीबीओचे ताणबल केव्हलारपेक्षा बरेच अधिक असूनही त्याचे दाबबल केव्हलारपेक्षा कमीच भरते.

## मुरडपट्टे

दाबाखाली हे तंतू काचेसारखे तडकत नाहीत किंवा दगडासारखे चुराही होत नाहीत. एका ठरावीक विकृतीला त्यांच्या पृष्ठभागावर तिरके, सुस्पष्ट कडांचे पट्टे दिसू लागतात. या पट्ट्यांत साखळ्यांचा संपूर्ण गठ्ठा मूळ दिशेपासून एकदम वळलेला असतो आणि पट्ट्याच्या पलीकडे तो पुन्हा मूळ दिशेने जातो. यांना मुरडपट्टे म्हणतात. तंतूच्या अक्षाशी त्यांचा कोन बहुधा ५० ते ६० अंशांचा असतो. ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली ते स्पष्ट ओळखू येतात. ब्रिटनमधील लीड्स विद्यापीठाच्या डॉब, जॉन्सन व सॅव्हिल यांनी १९८१ मध्ये केव्हलार तंतूंतील या पट्ट्यांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला.

केव्हलार ४९ या प्रकारात मुरडपट्टे सुमारे ०.५ टक्के दाब-विकृतीला उमटू लागतात. याचा व्यावहारिक अर्थ साध्या गणिताने समजतो. वाकविलेल्या तंतूच्या आतल्या कडेवर दाब व बाहेरच्या कडेवर ताण येतो आणि कडेवरील विकृती ही तंतूचा व्यास भागिले वक्रतेच्या त्रिज्येची दुप्पट एवढी असते. तंतूचा व्यास १२ मायक्रोमीटर धरल्यास, १.२ मिलिमीटर त्रिज्येला ही विकृती ०.५ टक्के होते. म्हणजे सुमारे अडीच मिलिमीटर जाडीच्या सळईभोवती गुंडाळलेल्या केव्हलार तंतूच्या आतल्या बाजूस मुरडपट्टे उमटू लागतात. शिवणकामातील टाके, विणीतील वळसे आणि दोराच्या गाठी यांतील वक्रता याहून पुष्कळदा अधिक तीव्र असते.

एकदा उमटलेला मुरडपट्टा तंतूला लगेच निकामी करीत नाही. पट्ट्यातील साखळ्या वळतात, पण सर्वच तुटत नाहीत. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात डीटेरेसा व सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात केलेल्या प्रयोगांत, केव्हलार ४९ तंतूला ३ टक्क्यांपर्यंत दाब-विकृती देऊनही त्याच्या ताणबलात सुमारे १० टक्केच घट आढळली. या सौम्य ढासळण्यामुळे केव्हलारचे कापड घडी घालण्याजोगे राहते आणि केव्हलारची संमिश्रे धक्क्याखाली एकाएकी तुकडे न होता ऊर्जा शोषून घेतात. परंतु ताण-दाबाची आवर्तने पुन्हा पुन्हा घडली, तर त्याच त्या पट्ट्याशी साखळ्या तुटत जातात आणि तंतू थकून तुटतो.

## सैद्धान्तिक स्पष्टीकरण

### साखळ्यांचे वाकणे

डीटेरेसा, पोर्टर व फॅरिस यांनी १९८५ मध्ये मांडलेल्या प्रतिमानात तंतू हा बाजूने एकमेकींना टेकलेल्या असंख्य बारीक स्तंभांचा समूह मानला आहे. प्रत्येक साखळी एकटी असती, तर नगण्य दाबाखाली वाकली असती. शेजारच्या साखळ्यांचा आधार तिला वाकू देत नाही. हा आधार किती घट्ट आहे ते तंतूच्या कर्तन गुणांकावरून, म्हणजे साखळ्या एकमेकींवरून सरकण्यास करीत असलेल्या विरोधावरून, ठरते. या प्रतिमानानुसार दाबबलाची सैद्धान्तिक मर्यादा कर्तन गुणांकाएवढी असते. प्रत्यक्षात मोजलेले दाबबल अनेक तंतूंत कर्तन गुणांकाच्या सुमारे ३० टक्के आढळते. केव्हलार ४९ चा कर्तन गुणांक साधारण दीड गिगापास्कल आहे. त्याच्या ३० टक्के म्हणजे सुमारे ०.४५ गिगापास्कल, आणि हा आकडा प्रयोगांतील मूल्यांशी जुळतो.

या संबंधातून महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. तंतूच्या लांबीच्या दिशेचा यंग गुणांक कितीही वाढवला, तरी दाबबल वाढेलच असे नाही; साखळ्यांमधील आडवा जोड बळकट होईल तेव्हाच ते वाढते.

### दिशाभ्रंश आणि मुरड

कोणत्याही तंतूत किंवा संमिश्रात सर्व साखळ्या अगदी सरळ नसतात. आर्गन यांनी १९७२ मध्ये दाखविले, की मूळचाच थोडा कल असलेल्या भागात दाबामुळे कर्तन-प्रतिबल निर्माण होते आणि ते द्रव्याच्या कर्तनबलाएवढे झाले की तो भाग मुरडतो. या विचारानुसार दाबबल म्हणजे कर्तनबल भागिले सुरुवातीचा कल, जेथे कल रेडियनमध्ये मोजलेला असतो. बुडियान्स्की यांनी १९८३ मध्ये या सूत्रात द्रव्याच्या कर्तन-विकृतीचाही समावेश केला. सूत्रावरून स्पष्ट होते, की कल एका अंशावरून दोन अंशांवर गेला तर अपेक्षित दाबबल निम्म्यावर येते. तंतू सरळ ठेवणे हे उत्पादनातील काटेकोर काम का मानले जाते, याचे उत्तर येथे मिळते.

### संमिश्रातील फरक

राळेत बसविलेल्या तंतूंसाठी रोझेन यांनी १९६५ मध्ये राळेच्या कर्तन गुणांकावर आधारलेले सूत्र मांडले होते. कार्बन तंतूंच्या संमिश्रांत आधी राळेचा आधार अपुरा पडतो, म्हणून तेथे राळ व तंतूंचा सरळपणा निर्णायक ठरतात. केव्हलारच्या संमिश्रात मात्र राळेआधी तंतूच ढासळतो. इपॉक्सी राळेत ६० टक्के केव्हलार ४९ असेल आणि तंतूचे दाबबल ०.४५ गिगापास्कल धरले, तर केवळ तंतूंच्या वाट्याचा हिशोब ०.२७ गिगापास्कल येतो. अशा एकदिश संमिश्राचे मापलेले दाबबल सुमारे ०.२८ गिगापास्कल आहे. त्याच संमिश्राचे ताणबल सुमारे १.४ गिगापास्कल, म्हणजे पाचपट असते.

## मापनपद्धती

एका तंतूचे दाबबल थेट मोजणे अवघड आहे. १२ मायक्रोमीटर व्यासाच्या केव्हलार तंतूला ०.४ गिगापास्कल दाब द्यायचा असेल, तर ऑयलरच्या सूत्रानुसार त्याची मोकळी लांबी सुमारे ०.१६ मिलिमीटरपेक्षा कमी असावी लागते. अन्यथा द्रव्य ढासळण्याआधीच तंतू बाजूला वाकतो. म्हणून बहुतेक पद्धती अप्रत्यक्ष आहेत.

* फासा पद्धत : तंतूचा फासा करून तो हळूहळू आवळतात. फाशाच्या आकारावरून वक्रता मोजतात आणि पहिला मुरडपट्टा दिसताच विकृती काढतात. सिंक्लेअर यांनी १९५० मध्ये काचतंतूंसाठी ही पद्धत वापरली होती.
* तुळई वाकवण्याची पद्धत : पारदर्शक प्लॅस्टिकच्या पट्टीवर तंतू चिकटवून पट्टी वाकवतात. टोकापासून आधारापर्यंत विकृती क्रमाने वाढत जाते, त्यामुळे मुरडपट्टे जेथून सुरू होतात त्या जागेवरून क्रांतिक विकृती थेट कळते.
* प्रत्याघात पद्धत : ॲलन यांनी १९८७ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत तंतूला ठरावीक ताण देऊन तो मध्यभागी कापतात. कापताक्षणी सैल झालेली प्रतिबल-लहर पकडीपर्यंत जाऊन तेवढ्याच मूल्याची दाब-लहर होऊन परतते. ज्या ताणापासून पुढे तंतूवर दाबाची इजा दिसू लागते, ते मूल्य दाबबल मानतात.
* रामन वर्णपटदर्शन : दाबाखाली रेणूंच्या कंपनांची वारंवारता बदलते. राळेत बसविलेल्या तंतूवर लेझर टाकून तो बदल मोजतात आणि त्यावरून तंतूतील विकृती ठरवतात.
* संमिश्राची चाचणी : एकदिश संमिश्राचा नमुना दाबून त्याच्या बळावरून तंतूच्या वाट्याचा हिशोब करतात.

या पद्धतींत प्रतिबलाचे वितरण, आधाराचे स्वरूप आणि निकामी होण्याची व्याख्या वेगवेगळी असते. त्यामुळे एकाच तंतूसाठी निरनिराळी मूल्ये मिळतात. शिवाय विकृतीवरून प्रतिबल काढताना ताणाखालचाच यंग गुणांक वापरला, तर दाबबल प्रत्यक्षाहून जास्त येऊ शकते. म्हणूनच दाबबलाचा आकडा देताना मापनपद्धतीचा उल्लेख आवश्यक मानला जातो.

## प्रमुख तंतूंची तुलना

पुढील मूल्ये अंदाजे असून तंतूचा प्रकार व मापनपद्धती यांनुसार बदलतात. तुलनेसाठी कार्बन तंतूचा समावेश केला आहे.

| तंतू | घनता (ग्रॅम प्रति घन सेंमी) | ताणबल (गिगापास्कल) | दाबबल (गिगापास्कल) |
|---|---|---|---|
| पॉलिएथिलीन (डायनिमा, स्पेक्ट्रा) | ०.९७ | ३.० – ३.५ | ०.०७ – ०.२ |
| पीबीओ (झायलॉन) | १.५४ – १.५६ | ५.८ | ०.२ – ०.४ |
| केव्हलार ४९ | १.४४ | ३.६ | ०.३५ – ०.५ |
| पीआयपीडी (एम-५) | १.७० | ४ – ५ | १.० – १.७ |
| कार्बन (पॅन-आधारित) | १.७६ | ३.५ | २.० – २.९ |

कार्बन तंतूतही लांबीच्या दिशेची मांडणी असते, परंतु त्याचे ग्रॅफाइटसदृश थर एकमेकांत गुंतलेले व आडव्या सहसंयुजी बंधांनी जोडलेले असतात. त्यामुळे त्याचा कर्तन गुणांक बहुवारिक तंतूंच्या सुमारे दहापट असतो आणि दाबबल ताणबलाच्या बरेच जवळ जाते. डांबरापासून केलेल्या अतिउच्च गुणांकाच्या कार्बन तंतूंत थर अधिक सुबक रचले जातात आणि त्यांचे दाबबल पुन्हा खाली येते.

## उपयोगांवरील परिणाम

### तुळया, कवचे व नौका

आडव्या तुळईवर वरून भार आला की तिच्या वरच्या अंगाला दाब व खालच्या अंगाला ताण येतो. संपूर्णपणे केव्हलार-इपॉक्सीची तुळई वरच्या अंगाला ०.२८ गिगापास्कलला ढासळू लागते. त्या वेळी खालच्या अंगाची सुमारे चार-पंचमांश क्षमता वापरलीच गेलेली नसते. या कारणाने विमानांच्या व नौकांच्या भागांत दाब येणाऱ्या थरांसाठी कार्बन किंवा काच आणि आघात झेलणाऱ्या थरांसाठी ॲरामिड, अशी मिश्र रचना करतात.

### दोर व जाळी

दोर ताणाखालीच काम करतो, म्हणून त्यात दाबाचा प्रश्न नाही असे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र समुद्रात लाटांमुळे दोर आळीपाळीने ताणला जातो व सैल पडतो. पीळ असलेला दोर सैल पडताना, विशेषतः टोकाच्या पकडीजवळ, काही तंतू ताणलेले तर काही दाबले गेलेले असतात. दाबलेल्या तंतूंत मुरडपट्टे पडतात आणि हजारो आवर्तनांनंतर तेथेच दोर तुटतो. १९८० च्या दशकात ॲरामिडच्या नांगरदोरांच्या अपयशातून ही ‘अक्षीय दाब-थकवा’ नावाची घटना अभियंत्यांच्या लक्षात आली. तेव्हापासून ॲरामिड दोर वापरताना त्यात नेहमी किमान ताण राखण्याची काळजी घेतली जाते.

महाराष्ट्रात पुणे येथील गरवारे टेक्निकल फायबर्स (पूर्वीची गरवारे-वॉल रोप्स) ही कंपनी मासेमारी, मत्स्यशेती व जहाजवाहतूक यांसाठी कृत्रिम तंतूंचे दोर व जाळी बनवते. उच्चकार्यक्षम पॉलिएथिलीनचे दोर हलके असतात व पाण्यावर तरंगतात, म्हणून या क्षेत्रात त्यांना मागणी आहे. अशा दोरांना गाठ मारण्याऐवजी टोके गुंफून सांधा करणे श्रेयस्कर असते. गाठीतील तीव्र वळणावर बाहेरच्या तंतूंवर ताण एकवटतो, आतले तंतू दाबले जातात आणि दोराचे बळ लक्षणीय घटते.

### चिलखते

गोळीरोधक चिलखतात ताण व दाब यांचे काम दोन वेगळ्या पदार्थांत वाटून दिलेले असते. मुंबईतील भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेले आणि हैदराबादच्या मिश्र धातु निगम (मिधानी) या सार्वजनिक कंपनीकडे उत्पादनासाठी दिलेले ‘भाभा कवच’ हे याचे उदाहरण आहे. त्यात बोरॉन कार्बाइड हे अतिकठीण सिरॅमिक आणि बहुवारिक तंतूंचे संमिश्र यांचा मेळ घातलेला आहे. अशा रचनेत गोळी आदळते तेव्हा पुढचे सिरॅमिक दाबाखाली टिकून गोळीचे टोक बोथट करते व तिचे तुकडे करते. सिरॅमिकच्या मागच्या अंगाला निर्माण होणारा ताण त्याला सोसत नाही आणि ते तडकते. तो ताण मागचे तंतू झेलतात आणि तुकडे अडवतात. दगडी धरण आणि बांबू यांच्या परस्परविरुद्ध गुणांची येथे जणू एकाच पाटीत जोडणी केलेली असते.

घड्या पडणाऱ्या मऊ चिलखतात मुरडपट्ट्यांचा प्रश्न वेगळ्या रूपाने पुढे येतो. २००३ मध्ये अमेरिकेत एका पोलीस अधिकाऱ्याच्या झायलॉनच्या चिलखतातून गोळी आरपार गेली. त्यानंतर झालेल्या सरकारी तपासण्यांत वापरलेल्या झायलॉन चिलखतांचे बळ घटल्याचे दिसून आले आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय न्याय संस्थेने २००५ मध्ये झायलॉनयुक्त चिलखतांची मान्यता काढून घेतली. या ऱ्हासात आर्द्रता व प्रकाश यांमुळे होणारे रासायनिक विघटन हे प्रमुख कारण मानले जाते. पुढील प्रयोगांत, वारंवार घड्या घातल्यानेही पीबीओ तंतूंचे ताणबल घटते, असे आढळले. त्यामुळे चिलखताची चाचणी केवळ नव्या नमुन्यावर न करता घडी, ओलावा व उष्णता यांतून गेलेल्या नमुन्यावरही करण्याच्या पद्धतींना महत्त्व आले.

शिरस्त्राणाला गोळी अडवण्याबरोबरच दोन्ही बाजूंनी दाबले जाण्यासही तोंड द्यावे लागते. केवळ पॉलिएथिलीनचे कवच गोळीविरुद्ध उत्तम ठरले, तरी त्याला ताठपणासाठी कार्बनसारख्या तंतूची जोड देण्याचा विचार करावा लागतो.

## सुधारणेचे प्रयत्न

दाबबल वाढवण्याचे प्रयत्न मुख्यतः साखळ्यांमधील आडवा जोड बळकट करण्याच्या दिशेने झाले आहेत.

आडवे सहसंयुजी बंध : साखळीवर विशिष्ट रासायनिक गट बसवून, तंतू ओढल्यानंतर उष्णतेने किंवा प्रारणाने शेजारच्या साखळ्या जोडणे हा सर्वांत सरळ उपाय आहे. परंतु बंध कमी असतील तर परिणाम नगण्य राहतो आणि जास्त झाले तर तंतू ठिसूळ होऊन त्याचे ताणबल घटते.

हायड्रोजन बंधांचे जाळे : नेदरलँड्समधील अक्झो नोबेल कंपनीत डुत्से सिक्केमा व सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात विकसित केलेला पीआयपीडी तंतू हे या मार्गाचे सर्वांत यशस्वी उदाहरण आहे. त्याच्या साखळीवरील हायड्रॉक्सिल गट दोन दिशांना हायड्रोजन बंध निर्माण करतात. त्यामुळे ताणबल न गमावता केव्हलारच्या दुपटीहून अधिक दाबबल मिळाले. उत्पादनातील अडचणींमुळे हा तंतू व्यापारी पातळीवर मात्र फारसा पसरला नाही.

भरण व लेपन : ओल्या तंतूतील सूक्ष्म पोकळ्यांत काचेसारखे द्रव्य किंवा राळ भरणे, तसेच तंतूवर कठीण पदार्थाचा पातळ लेप देणे, असेही प्रयोग झाले. लेपामुळे पृष्ठभाग उशिरा मुरडतो, पण तंतूचे वजन वाढते व लवचीकपणा कमी होतो.

कार्बन नळ्यांचे मिश्रण : अमेरिकेच्या जॉर्जिया टेक संस्थेतील सतीश कुमार व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये पीबीओमध्ये १० टक्के एकभित्ती कार्बन अब्जांश-नळ्या मिसळून तंतू तयार केले. त्यांचे ताणबल त्याच पद्धतीने केलेल्या शुद्ध पीबीओ तंतूपेक्षा सुमारे निम्म्याने वाढले.

या सर्व प्रयत्नांतून एक मर्यादा स्पष्ट होते. साखळ्या जितक्या सरळ व एकमेकींपासून मोकळ्या, तितके ताणबल अधिक. आणि त्या जितक्या घट्ट परस्परांशी बांधलेल्या, तितके दाबबल अधिक. दोन्ही गुण एकाच तंतूत पूर्णत्वाने मिळवण्यात पीआयपीडीचा अपवाद वगळता मर्यादितच यश आले आहे. त्यामुळे प्रत्यक्ष व्यवहारात, दाब घेणाऱ्या जागी वेगळा पदार्थ वापरणे हाच सर्वमान्य मार्ग राहिला आहे.

## हे सुद्धा पहा

* बहुवारिक
* केव्हलार
* संमिश्र पदार्थ
* कार्बन तंतू
* यंग गुणांक
* बांबू
* तानसा धरण